घरमालक आपल्या माघारी घरात येऊन जातात? आधी किल्ल्या मोजा

माझी शंका गीझरपासून सुरू झाली. सकाळच्या घाईत बटण चालू राहिलं हे ऑफिसात पोचल्यावर आठवायचं आणि दिवसभर जीव टांगणीला लागायचा. संध्याकाळी येऊन बघावं तर बटण बंद. मला वाटायचं रूममेटनं केलं असणार, तिला वाटायचं मी. दोन महिने आम्ही दोघी मनातल्या मनात एकमेकींचे आभार मानत होतो. मग एका रविवारी चहा पिताना विषय निघाला आणि कळलं, की ते बटण आमच्यापैकी कुणीच बंद करत नव्हतं.

कोथरूडमधला जुना टू बीएचके. बाल्कनीलगत एक छोटी खोली होती, ती मालकांनी स्वतःच्या सामानासाठी कुलूप लावून ठेवलेली. मालक दोन गल्ल्या पलीकडे राहायचे. काका निवृत्त, सभ्य, दिवाळीला फराळाचा डबा पाठवणारे. चोरी करणारे नाहीत, वाईट नजरेचेही नाहीत. पण आम्ही नसताना घरात येऊन जायचे, आणि एकदा सांगितलं तरी थांबले नाहीत, दोनदा सांगितलं तरी नाहीत. भाड्यानं राहणाऱ्या बऱ्याच जणांची हीच तक्रार असते: सांगून महिनाभर बरं चालतं, मग पुन्हा तेच. आमचंही तसंच झालं, कारण आम्ही सगळं उलट्या क्रमानं केलं. आधी भांडलो, मग पुरावा शोधला, आणि त्या घराच्या एकूण किल्ल्या किती हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारला. खाली क्रम सुलटा करून लिहिते आहे.

आधी बाकीच्यांना वगळा

वस्तू हलली म्हणजे मालकच आले असं नसतं. आपल्याशिवाय ह्या घरात कोण कोण शिरू शकतं ते कागदावर लिहून काढा. कामवाल्या मावशींकडे किल्ली आहे का? रूममेटनं कधी मैत्रिणीला दिली होती का? आधीच्या भाडेकरूनं जाताना किती परत केल्या? एजंटकडे एक असतेच, हे मला फार उशिरा कळलं. फ्लॅट दाखवता यावा म्हणून मालकांनी ती त्याला दिलेली असते आणि करार झाल्यावर परत मागायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. रंगकाम चालू असताना पेंटरकडे पंधरा दिवस असते. चावीवाल्याकडे डुप्लिकेट पाच मिनिटांत होते.

आमच्याकडे ओट्यावरचा खाऱ्या बिस्किटांचा डबा दर दोन-तीन दिवसांनी खाली पडलेला सापडायचा. तो आम्ही बिनदिक्कत काकांच्या खात्यावर मांडला होता. निघालं मांजर. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या जाळीचा खालचा कोपरा सुटला होता. हे काकांना बोलून दाखवलं असतं तर पुढे आमच्या एकाही शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला नसता, आणि त्यात त्यांची चूकही नसती.

म्हणून वही घाला. मोबाइलमध्ये नोंद ठेवली तरी चालेल, पण रोजच्या रोज. 'कुणीतरी येऊन गेल्यासारखं वाटतंय' ही नोंद कामाची नाही. 'मंगळवार, सकाळी ९.२० ला निघालो, सात वाजता परत. गीझर बंद, बंद खोलीसमोरचं पायपुसणं तिरकं, त्यावर बुटाची माती' ही नोंद कामाची आहे. निघताना चार फोटो काढायची सवय लावा: बटणांचा बोर्ड, कपाटाचं दार, टेबल आणि ज्या जागेबद्दल शंका आहे ती. फोटोवर वेळ आपोआप नोंदली जाते.

तीन आठवड्यांची वही पुन्हा वाचली तेव्हा दिसलं, की नोंदी जवळजवळ सगळ्या मंगळवारच्या आणि शुक्रवारच्या आहेत. काका मंगळवारी आणि शुक्रवारी भाजीला जायचे, आमच्या इमारतीवरूनच. येता येता वर एक चक्कर. पिशवी खाली वॉचमनच्या टेबलावर ठेवलेली असायची, हे नंतर वॉचमननंच सांगितलं, इतक्या सहजपणे की आम्हाला सगळं माहीत आहे असंच त्याला वाटत असावं.

दाराची खूण

कॅमेऱ्याच्या आधी फुकटचे उपाय करून बघा. दार आणि चौकट यांच्या मधोमध घोट्याच्या उंचीवर शिवणाचा दोरा सेलोटेपच्या दोन चिमुकल्या तुकड्यांनी चिकटवायचा. दार उघडलं की दोरा सुटतो.

पहिल्याच दिवशी सुटला. दुसऱ्या दिवशीही. आम्ही दोघी हादरलो. तिसऱ्या दिवशी मी घरून काम करत होते, तर साडेअकराला जिना झाडणाऱ्या बाईंनी केरसुणीचा एक फटकारा मारून दोरा सहज काढून टाकला. बाहेरच्या दारावरची खूण अशी फसवते. पावसाळ्यात आणखी एक: लाकडी दार फुगतं, वाऱ्यानं धडधडतं, सेलोटेप दमट होऊन सुटतो.

खूण आत ठेवायची. बाहेर पडताना बेडरूमचं दार लोटून घ्या आणि दोरा त्या दाराला लावा. तिथे केरसुणी नाही, वारा नाही. बंद खोली असेल तर तिच्या कुलपाच्या कडीत कागदाची बारीक सुरळी अडकवा. कुलूप काढल्याशिवाय ती पडत नाही. आमची सुरळी शुक्रवारी दुपारी फरशीवर होती, गुरुवारी रात्री जागेवर होती त्याचा फोटो होता, आणि मावशी त्या आठवड्यात गावाला गेल्या होत्या. स्वतःची खात्री पटायला एवढं पुरे. दुसऱ्याला पटवायला मात्र पुरत नाही.

कॅमेरा

नवीन घेण्याआधी घरातला जुना स्मार्टफोन बघा. हालचाल टिपणारी अ‍ॅप्स फुकट मिळतात. फोन पुस्तकांच्या मांडणीवर, मुख्य दाराकडे तोंड करून ठेवा. चोवीस तास चार्जरला लावून ठेवू नका, बॅटरी फुगते. टायमरचा प्लग घ्या किंवा रोज रात्री काढून ठेवा. वायफाय कॅमेरा घ्यायचा असेल तर मेमरी कार्ड बसणाराच घ्या.

कार्डचं महत्त्व आम्हाला एका गुरुवारी कळलं. सकाळी दहा ते दुपारी तीनपर्यंत कॅमेरा 'ऑफलाइन'. काकांनी मेन स्विच बंद केला, कॅमेरा सापडला, आता संपलं, अशी आमची खात्री. तो गुरुवार होता आणि पुण्यात राहून आम्ही हे विसरलो होतो, की देखभालीसाठी वीज घालवायचा महावितरणचा वार तोच. राऊटर बंद पडला की फोनची बॅटरी कितीही असली तरी क्लाउडवर काही पोचत नाही. तेव्हा साठवण उपकरणातच हवी. आणि 'कॅमेरा बंद पडला' ही नोंद करण्याआधी शेजारी वीज होती का ते विचारून घ्या.

कॅमेरा आपल्याच घरात, आपल्याच दाराकडे. जिन्यात किंवा पॅसेजमध्ये लावायचा तर सोसायटीच्या कमिटीची परवानगी हवी, नाहीतर समोरच्या बिऱ्हाडाची तक्रार येईल आणि ती रास्त असेल. रूममेटला विचारल्याशिवाय लावू नका. बेडरूम आणि बाथरूमच्या दिशेनं अजिबात नको. चित्रीकरण मिळालं की मूळ फाइल तशीच ठेवा. कापून, वर गोल काढून, गाणं लावून ग्रुपवर टाकू नका. पुढे कधी कोर्टात द्यायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्यही (फाइलच्या मजकुरावरून निघणारा, तिची ओळख पटवणारा आकडा) द्यावं लागतं. मूळ फाइल बदलली की हे मूल्यही बदलतं.

सोसायटीच्या गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद करणाऱ्या अ‍ॅपवर विसंबून राहू नका. बऱ्याच सोसायट्यांत मालकाचं नाव त्या फ्लॅटचा सदस्य म्हणून आधीपासून चढवलेलं असतं, त्यामुळे ते आले तरी तुमच्या फोनवर टिंग होत नाही. सोसायटीचा सीसीटीव्ही असेल तर सेक्रेटरींना तारीख आणि वेळ लिहून लगेच मेल करा, 'एवढं रेकॉर्डिंग जपून ठेवावं' म्हणून. जुन्यावर नवीन चढत जातं.

कॅमेऱ्यात काका दिसले. चपला बाहेर काढून आत आले. पंखा बंद आहे ना बघितलं, गीझरचं बटण बघितलं, बाल्कनीतल्या तुळशीला तांब्याभर पाणी घातलं, बंद खोली उघडून काहीतरी काढलं आणि गेले. सात मिनिटं. मला रडू आलं, राग आला आणि थोडं हसूही आलं. माझी रूममेट मात्र हसली नाही. तिचं म्हणणं होतं, 'आज तुळस, पण दोरीवर माझे कपडे वाळत होते.' तिचं बरोबर होतं.

'आमचंच घर आहे ना ते?'

हे वाक्य येणारच. काकांनीही हेच म्हटलं: 'अगं, आमचंच घर आहे ना ते? मीटर माझ्या नावावर, उद्या काही जळलं तर विचारायला मलाच येतील.' ह्यात अर्धं खरं आहे, म्हणून उत्तर नीट द्यायला हवं.

महाराष्ट्रात ह्याला सरळ कलम आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९, कलम २८. मालकाला जागा बघायचा हक्क आहे, पण वाजवी वेळी आणि आधी सूचना देऊन. दोन्ही अटी त्याच वाक्यात आहेत. 'तुम्ही कुठे भाडेकरू, तुम्ही तर लायसन्सी, ताबा आमचाच' असा युक्तिवाद काही मालक आणि बहुतेक एजंट करतात. लिव्ह अँड लायसन्समध्ये, म्हणजे जागा फक्त वापरायची परवानगी देणाऱ्या करारात, कायदेशीर ताबा मालकाकडेच राहतो असं करारात लिहिलेलं असतं हे खरं. पण कलम २८ भाड्यानं दिलेल्या आणि लायसन्सवर दिलेल्या, दोन्ही जागांना लागू आहे, आणि सूचना भाडेकरू, लायसन्सी किंवा तिथे राहणारा, जो असेल त्याला द्यायची आहे.

त्याहून सोपी गोष्ट म्हणजे स्वतःचा करार काढून वाचा. ऑनलाइन नोंदणीच्या ठरावीक मसुद्यात 'इन्स्पेक्शन' नावाचं एक कलम असतं. वाजवी सूचना देऊन, वाजवी अंतरानं, मालक स्वतः किंवा त्यांचा प्रतिनिधी जागा बघू शकेल, अशा अर्थाचं. त्याखाली मालकांची सही आणि अंगठा दोन्ही असतात. काकांशी बोलताना मी कायद्याचं नाव काढलंच नाही. करारातला तो परिच्छेद मोठा करून दाखवला. कायदा म्हटलं की माणूस वकिलाकडे जातो, स्वतःची सही दाखवली की जरा विचार करतो.

केंद्रानं २०२१ मध्ये मंजूर केलेला आदर्श भाडेकरू कायदा पुष्कळदा पुढे केला जातो. त्यात २४ तास आधी लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक सूचना, कारण आणि वेळ नमूद करणं, सूर्योदयाआधी आणि सूर्यास्तानंतर प्रवेश नाही, असं सगळं छान लिहिलेलं आहे. पण तो नमुना आहे. राज्यानं स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. आपल्याकडे १९९९ चाच कायदा चालतो. '२४ तास' हा शब्द मात्र तिथून उचलून बोलण्यात वापरायला हरकत नाही, 'वाजवी' म्हणजे किती ते ठरवायला आकडा लागतोच.

करार नोंदवलेलाच नसेल तर? ह्याच १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लेखी करार करून नोंदवणं ही मालकाची जबाबदारी. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. हे मालकांना फारसं माहीत नसतं, भाडेकरूंना तर नसतंच. पण एक सावधगिरी: करार संपून गेला असेल आणि तुम्ही तसेच राहत असाल तर बाजू एकदम पडते. कलम २४ खाली मुदत संपल्यावर लायसन्स शुल्काच्या दुप्पट भरपाई मागता येते. तेव्हा भांडणाआधी कराराची शेवटची तारीख बघा.

लिहून कळवा

तोंडी बोलणं दोनदा झालं होतं. दोन्ही वेळा काका 'बरं बरं' म्हणाले. तिसऱ्यांदा मी व्हॉट्सअ‍ॅपवर हे पाठवलं. हवं तर उचला, तारखा तेवढ्या बदला.

'काका, नमस्कार. मंगळवार १२ आणि शुक्रवार १५ तारखेला आम्ही घरी नसताना आपण फ्लॅटमध्ये येऊन गेलात. आपल्याला जागा बघायची असेल किंवा सामान हवं असेल तर आमची काहीच हरकत नाही. फक्त एक दिवस आधी मेसेज करा, आमच्यापैकी एक जण घरी थांबेल. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी ११ ते १२ ही वेळ आम्ही आपल्यासाठी कायम मोकळी ठेवतो. गळती, शॉर्टसर्किट असं तातडीचं काही असेल तर कधीही फोन करा. आमच्या गैरहजेरीत आणि न कळवता कृपया येऊ नये. आपल्याकडे आणि एजंटकडे मिळून किती किल्ल्या आहेत तेही कळवावं.'

ह्यात दोन गोष्टी मुद्दाम आहेत. एक, नकाराबरोबर वेळ दिलेली आहे, म्हणजे 'आम्हाला आमचं घर बघू देत नाहीत' असं म्हणायची सोय राहत नाही. दुसरी, किल्ल्यांचा प्रश्न. कॅमेऱ्याचा उल्लेख केलेला नाही. तो पहिल्याच मेसेजमध्ये सांगितला की विषय कॅमेऱ्यावर जातो: 'आमच्यावर नजर ठेवता का?'

उत्तर आलं, 'पाहिले. बोलू.' पुढे फोनवर अर्धा तास बोलणं झालं, तेव्हा कळलं की किल्ल्या पाच होत्या. दोन आमच्याकडे, एक काकांकडे, एक एजंटकडे, आणि एक काकांच्या भाच्याकडे, जो कधीकाळी तिथे राहून शिकला होता. म्हणजे आम्ही चार महिने एका माणसावर पाळत ठेवत होतो आणि दार तिघांना उघडत होतं.

फोन झाला तरी त्यातलं ठरलेलं पुन्हा मेसेजनं पाठवा. 'काका, आत्ता फोनवर ठरल्याप्रमाणे...' अशी सुरुवात करून. लांबलचक नको.

कुलूप

तीन आठवडे काका आले नाहीत. चौथ्या मंगळवारी आले. गणपती जवळ आले होते आणि मखर त्या बंद खोलीत होतं. 'मखर न्यायला कसली परवानगी?' हे त्यांचं म्हणणं मला अजून आठवतं, कारण क्षणभर मलाही ते पटलं होतं.

मग कुलूप आणलं. सेफ्टी डोअरला बाहेरून अल्ड्रॉप (कुलूप अडकवायची आडवी कडी) होता, त्याला आमचं स्वतःचं. भोक पाडायचं नाही, काही बदलायचं नाही, त्यामुळे करारातल्या 'फेरफार करणार नाही' ह्या अटीला धक्का नाही. त्या शुक्रवारी सव्वाबाराला फोन वाजला. 'मी वर उभा आहे, दाराला हे कुलूप कसलं?' चार महिन्यांत काकांनी आत शिरण्याआधी फोन केला तो हा पहिला. शनिवारी सकाळी दहाची वेळ ठरली. काका आले, मखर घेतलं, चहा घेतला.

बाहेरच्या कुलपाचा एक धोका मात्र लिहायलाच हवा. माझी रूममेट रात्रपाळी करून सकाळी झोपायची. एकदा सवयीनं मी कुलूप लावून निघाले आणि ती आत. दुपारी तिचा फोन येईपर्यंत माझ्या लक्षात नाही. स्वयंपाकघरात काही पेटलं असतं तर? त्या संध्याकाळी ठरवलं की आतून उघडता येईल असंच काहीतरी हवं, आणि नाइट लॅचचं सिलिंडर, म्हणजे ज्यात किल्ली फिरते तो भाग, बदललं. चावीवाला दाराची जाडी मोजून त्या मापाचं आणतो, काम अर्ध्या तासाचं. जुनं सिलिंडर त्याच्या किल्ल्यांसकट पिशवीत घालून, वर तारीख लिहून जपून ठेवा. घर सोडताना ते परत बसवून द्यायचं. ते हरवलं तर डिपॉझिटमधून कापायला मालकांना चांगलं निमित्त मिळतं.

सिलिंडर बदलल्याचं कळवावं का? माझं मत, हो, बदलण्याच्या आधी, एका ओळीत. गुपचूप बदललं की आपणही त्यांच्यासारखेच झालो. काही मालक ह्यावर भडकतात. त्यावर आम्ही काढलेला तोडगा: एक किल्ली पाकिटात घालून बंद केली, जोडावर माझी आणि काकांची सही, आणि पाकीट शेजारच्या आजींकडे. पाणी गळतंय, धूर येतोय, असं काही झालं तर फोडायचं आणि लगेच फोन करायचा. आजींना हे काम फार आवडलं होतं. 'पाकीट आहे हं तुझं,' असं त्या जिन्यात भेटल्या की सांगायच्या.

तरीही थांबत नसतील तर

आधी त्यांच्या बाजूनं खरंच काही आहे का ते बघा. खालच्या घराच्या छताला ओल आली असेल तर कुणालातरी आत यावंच लागतं. नोटीस पिरियडमध्ये नवीन लोकांना घर दाखवणं हेही वाजवी. आठवड्यातले दोन दिवस ठरवून द्या, म्हणजे रोज संध्याकाळी एजंट चपला न काढता बेडरूममध्ये उभा दिसणार नाही. मालकांच्या सामानाची बंद खोली असेल तर पुढच्या करारात ती वगळून घ्या, किंवा सामान कधी काढायचं ते लिहून घ्या. निम्मी भांडणं त्या खोलीतून येतात. मालकांच्याच घरातली एक खोली घेऊन राहत असाल तर हे सगळं फार कमी लागू पडतं. तिथे आपल्या खोलीला आपलं कुलूप, एवढंच हातात असतं.

लेखी नकारानंतरही येणं चालू राहिलं तर वकिलाची नोटीस, आणि पुढे कोर्टाचा मनाई हुकूम. पण अकरा महिन्यांच्या करारासाठी दावा लावायचा की दुसरं घर बघायचं, हा हिशोब थंड डोक्यानं करा. आमच्या ओळखीतल्या तिघांनी घर बदललं आणि तिघांपैकी कुणालाही पश्चात्ताप झालेला नाही.

काही प्रसंगांत हा हिशोब करतच बसायचा नाही. तुम्ही आत असताना कुणी किल्लीनं दार उघडून आलं, रात्री आलं, वस्तू किंवा पैसे गेले, धमकी दिली, किंवा घरात लपवलेला कॅमेरा सापडला, तर ११२ ला फोन. कॅमेऱ्याला हात लावू नका, जागेवर असतानाच फोटो काढा. पोलिस ठाण्यात बहुधा पहिलं वाक्य ऐकायला मिळतं, 'हे दिवाणी आहे, मालक-भाडेकरूचं.' तेव्हा तोंडी वाद न घालता लेखी तक्रार अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ मध्ये गृह-अतिक्रमणाला एक वर्षापर्यंत कैद आहे, पण तिथे हेतू बघितला जातो: गुन्हा करणं, धमकावणं, अपमान करणं किंवा त्रास देणं. 'गीझर बघायला आलो' आणि 'लेखी नको सांगूनही रात्री दहाला आलो' ह्यांच्यात फरक आहे, आणि तो फरक दाखवायला तुमचा मेसेज लागतो. म्हणून तो आधी पाठवायचा.

राग धरून मालकांनी पाणी किंवा वीज तोडली तर ते वेगळं प्रकरण. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ प्रमाणे अत्यावश्यक सोयी बंद करता येत नाहीत. बदल्यात आपण भाडं थांबवलं तर मात्र आपण आपल्या हातानं त्यांना कारण देतो. भाडं वेळेवर, बँकेतून.

डिपॉझिटची भीती सगळ्यांनाच असते आणि ती खोटी नाही. आम्ही शेवटच्या महिन्यात काकांना बोलावून, प्रत्येक खोलीचा व्हिडिओ त्यांच्यासमोर काढला. जुनं सिलिंडर त्यांच्यादेखत बसवलं, पाचही किल्ल्या टेबलावर मांडल्या. एजंटची परत मिळवायला मला दोन फेऱ्या माराव्या लागल्या होत्या, भाच्याची काकूंनी आणून दिली होती. डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापले, ते करारात होतंच.

नवीन घराच्या मालकांकडे पहिल्या दिवशी करारावर सही करण्याआधी विचारलं, किल्ल्या एकूण किती? त्यांनी खिशातून जुडगा काढून टेबलावर ठेवला. 'तीन. सगळ्या तुमच्याच.' मी 'तीन किल्ल्या मिळाल्या' असं लिहायला घेतलं, तोच आतून काकूंचा आवाज आला, 'अहो, चौथी माझ्या पर्समध्ये आहे ना!'